आफ्रिकान्सचं वाक्य: मांडणी मराठीची ठेवा, एकच क्रियापद हलवा

'एक हेट ख़लीअस डी बुक.' आफ्रिकान्स ही दक्षिण आफ्रिकेतली भाषा शिकायला लागलेल्या मराठी माणसाच्या वहीत हे वाक्य हमखास सापडतं. म्हणायचं असतं 'मी पुस्तक वाचलं'. शब्द सगळे बरोबर आहेत, उच्चारही ठीक, तरी वाक्य चूक आहे. हवं होतं 'एक हेट डी बुक ख़लीअस'. 'वाचलं' शेवटी, म्हणजे मराठीत असतं तिथेच.

मग चूक होते कुठे? आपण मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि मग त्यातले शब्द बदलत जातो. आफ्रिकान्सचे पुष्कळ शब्द इंग्रजीसारखे दिसतात, त्यामुळे ही वाट सोयीची वाटते. शब्द पाठ करायला ती सोयीची आहेही. वाक्य करायला मात्र ती दगा देते.

म्हणून खालची सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: वाक्य मनात मराठीच्या क्रमानं लावायचं आणि त्यातलं एकच क्रियापद उचलून दुसऱ्या जागेवर ठेवायचं. टप्पे क्रमानेच घ्या. तिसरा टप्पा पक्का नसताना चौथ्यातल्या नकाराला हात घातला की दोन्ही बिघडतात.

## तयारी

लिपी आणि उच्चार. आफ्रिकान्स रोमन लिपीत लिहितात. इथे मी उच्चार देवनागरीत देतोय. वहीत मात्र शब्दकोशातलं स्पेलिंग लिहा आणि शेजारी देवनागरी उच्चार. नुसतं स्पेलिंग लिहिलंत तर तुम्ही ते इंग्रजीसारखं वाचाल. नुसतं देवनागरी लिहिलंत तर पाटी वाचता येणार नाही.

रोमन अक्षरांपैकी पाच आधी घोटून घ्या. 'जी'चा उच्चार घशातला ख़, खाकरल्यासारखा. 'व्ही' म्हणजे फोनमधला फ. 'डब्ल्यू' म्हणजे आपला व. 'जे' म्हणजे य. आणि स्वर म्हणून आलेला 'वाय' म्हणजे ऐ. इथे मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. आपण 'ऐ' हा अइ असा आणि 'औ' हा अउ असा म्हणतो, आणि आफ्रिकान्सला नेमके हेच दोन स्वर लागतात. 'यै' म्हणजे तू, 'है' म्हणजे तो, 'यौ' म्हणजे तुझं. ऱ्हस्व 'आय' हा इ नसून जवळजवळ आपला अ आहे, म्हणून 'आहे' या अर्थाचा शब्द 'इस' असा नाही, 'अस' असा ऐकू येतो. 'असणे'तला अस धरा, विसरणार नाही.

या लेखात शब्दाच्या शेवटी सुटा 'अ' दिसला, जसं 'सअ' किंवा 'टअ', की तो पुसट पण ऐकू येईल असा म्हणायचा.

क्रियापदं. वीस पुरेत, पण ती डोळे मिटून आठवली पाहिजेत. सुरुवात यांनी करा: लीअस (वाचणे), प्राट (बोलणे), कॉम (येणे), ख़ान (जाणे), ईअट (खाणे), ड्रंक (पिणे), वेर्क (काम करणे), वूअन (राहणे), वीअट (माहीत असणे), सीन (दिसणे, पाहणे), ख़ीअ (देणे), फरस्टान (समजणे). हो, 'ड्रंक' म्हणजे नुसतं पिणे. पाणी पिणाऱ्यालाही तेच.

चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिका कापून सात-आठ चिठ्ठ्या करा. कर्ता, क्रियापद, काळवेळ, कर्म, रीत, ठिकाण, उरलेलं क्रियापद. वाक्य बोलण्याआधी टेबलावर मांडायचं. पोरखेळ वाटेल, पण चुका हातानं हलवल्या की लवकर जातात.

कान. दक्षिण आफ्रिकेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं आफ्रिकान्स रेडिओ केंद्र, आरएसजी, इंटरनेटवर ऐकता येतं. बातम्या रोज दहा मिनिटं. अर्थ शोधू नका, वाक्याच्या शेवटी काय येतं तेवढंच टिपा.

> सावध: डच भाषेचं साहित्य चुकून वापरू नका. दिसायला जवळची, पण डचमध्ये क्रियापद कर्त्यानुसार बदलतं, नामांना लिंग असतं आणि नकार एकदाच येतो. तिथून नियम उचललेत तर आफ्रिकान्स दोनदा शिकावी लागेल.

## टप्पा १: कर्ता कधी गाळू नका

आफ्रिकान्सचं क्रियापद पुरुष, वचन, लिंग काही पाहत नाही. एक लीअस, यै लीअस, है लीअस, सै लीअस, ऑन्स लीअस, यलअ लीअस, हलअ लीअस. मी, तू, तो, ती, आम्ही, तुम्ही, ते; सगळे 'लीअस'. ('एक' म्हणजे मी. आकडा डोक्यातून काढा.) आपण आणि आम्ही असा भेदही नाही, दोन्हींना 'ऑन्स'.

हे ऐकून सगळे खूश होतात आणि लगेच चूक करतात. मराठीत 'येतो', 'जाते', 'वाचतोय' एवढं पुरतं, कारण कोण ते क्रियापदच सांगतं. आफ्रिकान्समध्ये क्रियापद मुकं आहे, म्हणून कर्ता प्रत्येक वेळी बोलावा लागतो. इतका, की पावसालाही कर्ता लागतो: 'डट रीअन', पाऊस पडतोय. 'डट' म्हणजे 'ते', पण इथे त्याला अर्थ नाही, फक्त जागा भरायची.

दुसरी मराठी चूक 'मला'ची. मला भूक लागली, मला माहीत आहे, मला कॉफी हवी: यांत आपल्याकडे माणूस कर्त्याच्या जागी नसतो. आफ्रिकान्समध्ये त्याला कर्ता करा. 'एक अस हॉंगर.' 'एक वीअट.' 'एक वल कॉफी हे.' माझ्याकडे पुस्तक आहे, तेही 'एक हेट अ बुक'.

इथे दोनच क्रियापदं अशी आहेत ज्यांचं मूळ रूप वेगळं: असणे 'वीअस', पण वाक्यात 'अस'. जवळ असणे 'हे', पण वाक्यात 'हेट'.

आणि 'खातोय'साठी वेगळं रूप शोधू नका. 'एक ईअट' म्हणजे खातो आणि खातोय, दोन्ही. 'एक अस ईअट' हे इंग्रजीचं भूत आहे. आत्ता, या क्षणी असं ठासून सांगायचं असेल तर 'एक अस बीअसख़ ऑम टअ ईअट', खाण्यात गुंतलोय.

> तपासा: तुमच्या पाच वाक्यांपैकी एकही कर्त्याशिवाय आहे का? क्रियापदाला कुठे शेपूट लावलंय का?

## टप्पा २: दुसरी जागा क्रियापदाची

साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं. दुसऱ्या शब्दावर नव्हे, दुसऱ्या जागेवर. 'डी मान' (तो माणूस) हे दोन शब्द, पण जागा एकच.

'एक लीअस फान्डाख़ डी बुक.' मी आज पुस्तक वाचतो. आता 'आज' आधी आणा: 'फान्डाख़ लीअस एक डी बुक'. क्रियापद हललं नाही, कर्ता त्याच्या मागे गेला. इथेच वह्या लाल होतात. लोक लिहितात 'फान्डाख़ एक लीअस डी बुक', कारण मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे 'आज' आल्यानं काही बिघडत नाही. इथे बिघडतं. क्रियापद म्हणजे खिळा समजा. पुढे एकच वस्तू बसेल, कर्ता असो की वेळ असो की ठिकाण. दुसरी वस्तू आलीच तर तिनं खिळ्याच्या मागे जायचं.

प्रश्न सोपा आहे. हो-नाहीच्या प्रश्नात पहिली जागा रिकामी सोडा: 'प्राट यै आफ्रिकान्स?' आपल्या 'का'सारखं काही शेवटी लागत नाही, आणि इंग्रजीसारखं मदतीचं क्रियापदही नाही. प्रश्नार्थक शब्द असला तर तो पहिल्या जागी: 'वार वूअन यै?' कुठे राहतोस? 'वाट अस यौ नाम?' यातलं 'नाम' भाषांतर करायची गरज नाही.

> तपासा: वाक्य मोठ्यानं म्हणा आणि क्रियापदापर्यंत बोटं मोजा. एक वस्तू, मग क्रियापद. दोन वस्तू मोजल्या गेल्या तर थांबा.

## टप्पा ३: शेवटची जागा

आता खरा मराठी माणसाचा फायदा. वाक्यात दोन क्रियापदं आली की एक दुसऱ्या जागी जातं आणि दुसरं थेट शेवटी. मधे बाकी सगळं. या टप्प्याला आठवडा द्या, घाई नको.

भूतकाळ. 'हेट' दुसऱ्या जागी, 'ख़' जोडलेलं क्रियापद शेवटी. 'एक हेट ख़स्टर डी बुक ख़लीअस.' मी काल पुस्तक वाचलं. शेवटाकडून पाहिलं तर मराठीच: काल, पुस्तक, वाचलं. आफ्रिकान्समध्ये भूतकाळाचं हे एकच मुख्य रूप आहे. वाचलं, वाचलं आहे, वाचलं होतं, बहुतेक ठिकाणी सगळ्यांना हेच चालतं. आणि मराठीसारखं 'मी वाचलं, मी वाचली' असं कर्माबरोबर काही बदलत नाही.

'ख़' कुठे लावायचा नाही तेही आत्ताच शिका. बअ, ख़अ, हेर, एर, ऑन्ट, फर या उपसर्गांनी सुरू होणाऱ्या, उपसर्गावर आघात नसलेल्या क्रियापदांना तो लागत नाही. 'एक हेट फरस्टान', मला समजलं. 'ख़फरस्टान' असं काही नाही.

थोडी क्रियापदं मात्र 'हेट' घेतच नाहीत, त्यांचं स्वतःचं भूतरूप आहे: अस चं वास, कान (शकणे) चं कॉन, मुट (लागणे, पाहिजे) चं मुस, वल (इच्छिणे) चं वौ, साल (भविष्य दाखवणारं) चं सौ. 'एक मुस ख़स्टर वेर्क', मला काल काम करावं लागलं. 'एक हेट ख़मुट' म्हटलं तर समोरचा समजून घेईल, पण हसेल.

भविष्य आणि इच्छा. 'एक साल मॉरअ कॉम', मी उद्या येईन. 'एक ख़ान मॉरअ डी बुक लीअस', उद्या वाचणार आहे. 'एक वल डी बुक लीअस', वाचायचं आहे. तेच गणित, एक दुसऱ्या जागी, एक शेवटी. इंग्रजीच्या सवयीनं 'एक वल लीअस डी बुक' झालं की चिठ्ठ्या काढा.

फुटणारी क्रियापदं. 'ऑपस्टान' म्हणजे उठणे. याची पाच रूपं एका दमात पाठ करा, कारण यातच सगळा टप्पा आहे:

- एक स्टान फ्रुख़ ऑप. (लवकर उठतो. तुकडा शेवटी)
- एक मुट फ्रुख़ ऑपस्टान. (उठायला हवं. अख्खं शेवटी)
- एक हेट फ्रुख़ ऑपख़स्टान. (उठलो. 'ख़' मधे शिरला)
- डाट एक फ्रुख़ ऑपस्टान. (की मी लवकर उठतो. पाचव्या टप्प्यात समजेल)
- ऑम फ्रुख़ ऑप टअ स्टान. (लवकर उठायला. 'टअ' मधे)

मधला क्रम. दक्षिण आफ्रिकेतल्या शाळांत यासाठी 'स्टॉम्पी' नावाची खूण शिकवतात. त्या शब्दाचा अर्थ सिगारेटचं थोटूक, त्यामुळे मुलं विसरत नाहीत. अक्षरं फोडली की मिळतं: कर्ता, (पहिलं क्रियापद,) टैट म्हणजे वेळ, ऑबयेक म्हणजे कर्म, मानीर म्हणजे रीत, प्लेक म्हणजे ठिकाण, आणि शेवटी उरलेलं क्रियापद किंवा 'टअ'वालं रूप.

'एक हेट ख़स्टर डी बुक स्टाडख़ बै डी स्कूअल ख़लीअस.' मी, काल, पुस्तक, हळूहळू, शाळेत, वाचलं. मराठीत आपण 'शाळेत' बहुधा पुस्तकाच्या आधी घेतो. इथे ते क्रियापदाला चिकटून मागे. वेळ आधी, जागा नंतर, एवढं धरलंत तरी निम्मं काम झालं.

> सावध: कर्म जर 'हॉम' (त्याला), 'हार' (तिला), 'डट' असं सर्वनाम असेल तर ते वेळेच्याही आधी, क्रियापदाला लागून येतं. 'एक हेट हॉम ख़स्टर ख़सीन.' खूण इथे फसवते.

## टप्पा ४: नी आणि शेवटचा नी

सगळ्यात जास्त चुका इथे, म्हणून थोडं रेंगाळतो.

नकार दोन 'नी'मध्ये बंद होतो. पहिला 'नी' सांगतो की नकार आला, दुसरा वाक्याच्या टोकाला बसून दार लावतो. 'एक प्राट नी आफ्रिकान्स नी.' पहिला नी क्रियापदानंतर. 'एक हेट नी डी बुक ख़लीअस नी.' दुसरा नी अगदी शेवटी, 'ख़लीअस'च्याही मागे. मराठीत 'वाचलं नाही' म्हणतो, तसाच.

क्रमानं करा:

1. आधी होकारी वाक्य पूर्ण लिहा.
2. शेवटी एक नी लावा. हा कधी विसरायचा नाही, म्हणून आधी.
3. मग पहिल्या क्रियापदामागे पहिला नी घाला. मागे लगेच सर्वनाम असेल तर त्याच्या पलीकडे: 'एक हेट हॉम नी ख़सीन नी.'
4. दोन नी शेजारी-शेजारी आले तर एक पुसा.

चौथी पायरी लोक विसरतात. 'एक वीअट नी', मला माहीत नाही. 'एक फरस्टान नी', समजलं नाही. 'फान्डाख़ वेर्क एक नी', आज काम करत नाही. 'एक सीन हॉम नी.' सगळीकडे एकच, कारण पहिला नी आधीच टोकाला पोचलाय. पण 'एक वेर्क नी फान्डाख़ नी' म्हणालात तर मधे 'आज' आलं, दोन्ही हवेत.

'कोणी नाही' नीमान्ट, 'काही नाही' नक्स, 'कधी नाही' नोइट: हे शब्द पहिल्या नीची जागा घेतात, दुसऱ्याची नाही. 'नीमान्ट कॉम नी.' 'एक ईअट नक्स नी.' 'एक हेट नक्स ख़से नी', मी काही बोललो नाही. इथे 'नक्स नी' शेजारी आले तरी पुसायचं नाही, ते दोन वेगळे शब्द आहेत.

मनाई करायची तर 'मुट' आणि 'नी' मिळून 'मुनी' होतं. 'मुनी प्राट नी!' बोलू नकोस! मौन धरणारा मुनी डोळ्यांपुढे आणा. मला हा शब्द एकदा ऐकून कायमचा पाठ झाला.

> तपासा: वाक्यातला पहिला नकारी शब्द शोधा. वाक्य 'नी'वर संपतंय का? बातम्या ऐकताना हेच टिपायला सांगितलं होतं.

## टप्पा ५: जोडवाक्य, जिथे मराठी जशीच्या तशी चालते

'डाट' (की), 'ऑमडाट' (कारण), 'आस' (जर), 'टरवैल' (असताना), 'ऑफ' (की नाही) यांनी सुरू होणाऱ्या पोटवाक्यात क्रियापद दुसरी जागा सोडतं आणि शेवटी जातं. म्हणजे सरळ मराठी क्रम.

'है वीअट डाट एक आफ्रिकान्स प्राट.' त्याला माहीत आहे की मी आफ्रिकान्स बोलतो.
'है वीअट डाट एक डी बुक ख़लीअस हेट.' ...की मी पुस्तक वाचलं आहे.

'ख़लीअस हेट', 'वाचलं आहे'. शब्दाला शब्द. इंग्रजीतून येणाऱ्याला हे उलटं वाटून वर्ष जातं, आपलं एका संध्याकाळी होतं.

एक ठिकाण मात्र मराठीशी जुळत नाही. शकणे, पाहिजे, इच्छा यांची क्रियापदं मूळ क्रियापदाच्या आधी राहतात: 'डाट एक डी बुक कान लीअस', की मी पुस्तक वाचू शकतो. आपण 'वाचू शकतो' म्हणतो, ते 'शकतो वाचू' म्हणतात. 'हेट' मागे, 'कान' पुढे.

'डाट' बोलताना गाळता येतं, पण गाळलं की क्रियापद परत दुसऱ्या जागी: 'है वीअट एक प्राट आफ्रिकान्स'. दोन्ही बरोबर, मिसळलेलं चूक.

'कारण'साठी दोन शब्द आहेत आणि त्यांची वागणूक वेगळी. 'ऑमडाट'नंतर क्रियापद शेवटी: 'ऑमडाट एक सीक अस'. 'वान्ट'नंतर काही हलत नाही: 'वान्ट एक अस सीक', कारण मी आजारी आहे. नवख्यानं सुरुवातीला 'वान्ट' वापरावा असं माझं मत. 'एन' (आणि), 'मार' (पण) हेही गरीब, क्रम बिघडवत नाहीत. 'डारॉम' (म्हणून) मात्र पहिली जागा खातो: 'डारॉम कॉम एक नी', म्हणून मी येत नाही.

पोटवाक्य आधी आलं तर ते सगळं मिळून पहिली जागा धरतं, आणि मुख्य क्रियापद लगेच त्याच्यामागे: 'आस डट रीअन, वेर्क एक नी'. स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं एकमेकांना भिडलेली दिसली की समजा जमलं.

नकार पोटवाक्याला पोटात घेत असेल तर दार सगळ्यात शेवटी लागतं. 'एक वीअट नी वार है वूअन नी', तो कुठे राहतो ते मला माहीत नाही. 'एक वीअट नी ऑफ है कॉम नी', तो येतो की नाही ठाऊक नाही. शेवटचा नी 'येणे'चा नकार करत नाही, तो 'माहीत'चा आहे. ऐकताना इथे फार गैरसमज होतात.

'जे, जो'साठी 'वाट', माणसालाही वस्तूलाही: 'डी बुक वाट एक ख़लीअस हेट, अस ख़ुट', मी वाचलेलं पुस्तक चांगलं आहे.

## टप्पा ६: छोटे शब्द आणि माणसांशी बोलणं

'चा-ची-चे'साठी एकच शब्द, 'सअ', आणि तोही मराठीसारखा मागे: 'अनिल सअ बुक', अनिलचं पुस्तक. 'अनिल सअ मा सअ बुक', अनिलच्या आईचं पुस्तक. सामान्यरूप नाही, लिंग नाही. यात कुणी चुकलेलं मी पाहिलं नाही.

'ला'साठी बऱ्याचदा 'फर', पण पुढे. 'ख़ीअ डट फर मै', ते मला दे. 'से फर हॉम', त्याला सांग. बोलीत 'एक सीन फर अनिल' असंही म्हणतात, अनिल दिसतोय. माणसाला 'फर' चालतं, पुस्तकाला नाही. आपणही 'पुस्तकाला वाचतो' म्हणत नाही. मात्र पहिल्या टप्प्यातला 'मला' आठवा: भूक, माहिती, हवं-नको यांतल्या 'मला'ला 'फर' लावायचं नाही.

कुठेतरी जायचं तर 'टू' मागे लागतो: 'एक ख़ान स्कूअल टू', शाळेत जातोय. शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे पाहून घरी आल्यासारखं वाटतं.

आता मान. 'यै' म्हणजे अरे-तुरे. औपचारिक 'ऊ' आहे, कचेरीत, पत्रात चालतो. पण रोजच्या व्यवहारात मोठ्या माणसाला, अनोळखी असला तरी, 'ऊअम' (काका) आणि 'टानी' (काकू, मावशी) म्हणतात, आणि सर्वनामाच्या जागीही तोच शब्द पुन्हा घालतात. 'वल ऊअम कॉफी हे?' काकांना कॉफी हवी का, हे काकांनाच विचारलेलं असतं. शेजारच्या सत्तरीच्या बाईंना 'यै' म्हणालात तर व्याकरण शंभर टक्के आणि संबंध शून्य.

## टप्पा ७: एका वाक्याची अकरा रूपं

रोज एक क्रियापद घ्या आणि खालचा साचा न बघता पूर्ण करा. वीस क्रियापदं, वीस दिवस.

1. एक लीअस डी बुक.
2. फान्डाख़ लीअस एक डी बुक.
3. लीअस यै डी बुक?
4. एक लीअस नी डी बुक नी.
5. एक हेट डी बुक ख़लीअस.
6. एक हेट नी डी बुक ख़लीअस नी.
7. एक वल डी बुक लीअस.
8. है वीअट डाट एक डी बुक लीअस.
9. है वीअट डाट एक डी बुक ख़लीअस हेट.
10. है वीअट डाट एक डी बुक वल लीअस.
11. है वीअट नी डाट एक डी बुक ख़लीअस हेट नी.

सहावं आणि अकरावं अडलं तर चौथ्या टप्प्याकडे परत. नववं-दहावं अडलं तर पाचव्याकडे. दुसरं अजूनही अडत असेल तर पुढे गेलातच का?

अनेकवचनं (बुकचं बुकअ, टाफलचं टाफल्स), विशेषणाच्या शेवटचा 'अ' ('डी बुक अस ख़ुट', पण 'अ ख़ुयअ बुक'), लाडाची छोटी रूपं, हे सगळं नंतर. ते चुकलं तरी वाक्य उभं राहतं. पहिले दोन महिने त्यावर वेळ घालवू नका.

बोलायला बाहेर पडलात की एक अडचण येईल. तुम्ही अडखळलात की समोरचा सौजन्यानं इंग्रजीत शिरतो, आणि तुमचा सराव तिथेच बुडतो. त्यासाठी एक वाक्य खिशात ठेवा. आज्ञा आहे, म्हणून क्रियापद पहिल्या जागी: 'प्राट आसअब्लीफ आफ्रिकान्स मेट मै.' कृपया माझ्याशी आफ्रिकान्समध्ये बोला. आणि लगेच जोडून, 'मार स्टाडख़'. पण हळू.